भाड्याची राखण

माळावर अजून पायवाटही पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. सापाच्या भीतीनं तित्तिरांनी भाड्याचं मुंगूस राखणीला ठेवलं. एका सकाळी एका तित्तिरीची तीन अंडी गेली, एकच उरलं.

साळुंकीनं वरच्या झुडपांत बातमी दिली, "सापानं नेली." कावळ्यानं खालच्या झुडपांत सांगितलं, "मुंगसानंच खाल्ली." ज्याला जे आवडतं तेच त्याच्या कानी पडलं.

तित्तिरी विनवत राहिली, "अहो, घरट्याशी ठसे आहेत, येऊन बघा तरी."

"आधी सांग बाई, तू वरची की खालची?" दोन्ही झुडपांतले तित्तिर विचारू लागले.

भांडता भांडता दुपार झाली आणि वाऱ्यानं ठसे बुजवले. उरलेलं अंडं पोटाखाली घेऊन ती बसली. भाड्याची राखण ठेवताना तिनंही मान डोलावली होती. आता मुंगूस तिच्या समोरच बसलं होतं, राखणीला.