विहिरीच्या तळाशी

फार वर्षं झाली या गोष्टीला. डोंगराच्या कुशीत एक लहानसं गाव होतं आणि त्या गावात शांतवन नावाचा एक विहीर खोदणारा राहत होता. गावच्या ख्रिस्ती मंडळीत त्याला मोठा मान. सगळी स्तोत्रं तोंडपाठ, आवाज खणखणीत. रविवारी तो प्रार्थना सांगायला उभा राहिला की म्हाताऱ्यांचे डोळे भरून येत.

पण लहानांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही ऐका, शांतवन देवाला फार भीत असे. स्तोत्र संपून प्रार्थनामंदिरात शांतता पसरली की त्याच्या अंगावर काटा येई. या शांततेत देव आपल्याला काहीतरी विचारील, असं त्याला वाटे. मग तो घाईघाईने दुसरं स्तोत्र सुरू करी.

देव काय विचारील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी विहिरीत उतरताना दोर तुटून एक मजूर मेला होता. दोर झिजलाय, हे शांतवनने सकाळीच पाहिलं होतं. बदलायचा त्याने कंटाळा केला. पंचांसमोर मात्र तो म्हणाला, "रहाटावर दोर सोडायला स्तेफन होता. तो पिऊन आला होता. त्यानेच दोर दगडावर घासू दिला."

स्तेफनला गावाबाहेर काढलं. बायकोला घेऊन तो ओढ्यापलीकडे झोपडीत राहू लागला.

एका उन्हाळ्यात गावचा झरा आटला आणि शांतवनने नवी विहीर खोदायला घेतली. पाच पुरुष उंचीइतकं खोल गेल्यावर, भर दुपारी, वरून घरघर आवाज आला. त्याने मान वर करेपर्यंत कड ढासळली.

डोळे उघडले तेव्हा तो छातीपर्यंत मातीत गाडला गेला होता. डोक्यावर दोन धोंडे एकमेकांत अडकले होते, त्यांच्या फटीतून उजेडाची एक रेघ येत होती. श्वास घेतला की माती सरसरत खाली येई. वरचे मजूर ओरडत गावाकडे पळाले. त्यांचे आवाज विरत गेले.

शांतवनने स्तोत्र म्हणायला घेतलं. दुसरी ओळ आठवेना. दुसरं स्तोत्र घेतलं, त्याचा शब्दच सापडेना. आता ती शांतता आली आणि तिच्यापासून पळायला जागा नव्हती.

"विचार," तो कुजबुजला. "विचार ना एकदाचं."

कुणी काही विचारलं नाही. एक खडा टपकन पडला.

"मीच मारलं त्याला, देवा! दोर मला दिसला होता. आणि स्तेफनला मी खोटं बोलून बुडवलं." त्याने डोळे गच्च मिटले. आता उरलेली विहीर आपल्यावर कोसळणार, म्हणून तो वाट पाहू लागला.

ती कोसळली नाही. माती तशीच सरसरत राहिली. पाठ केलेले सगळे शब्द संपले होते. तोंडातून आलं ते एवढंच, "बापा, मला फार भीती वाटते. मला सोडून जाऊ नकोस."

आकाशवाणी झाली नाही, दिवा उजळला नाही. पण ज्याच्यापासून आपण तीन वर्षं पळत होतो तो इथे, या मातीत, आपल्याला लागून आहे आणि तो मारायला आलेला नाही, हे शांतवनला कळलं. तो हमसून हमसून रडला.

मग वर धोंडा हलला. खाली उतरायचं धाडस गावात कुणाला होईना, म्हणून लोकांनी ओढ्यापलीकडे निरोप धाडला होता. दोराला लोंबकळत, अडकलेले धोंडे बाजूला सारत स्तेफन खाली आला. हातांनी माती उपसून त्याने शांतवनच्या काखेतून दोर घातला.

"थांब," शांतवन म्हणाला. "गाठ मारायच्या आधी ऐक. त्या दिवशी तुझी चूक नव्हती. दोर झिजलेला होता. मला माहीत होतं."

स्तेफनचे हात थांबले. शांतवनने मान खाली घातली.

"दादा," स्तेफन म्हणाला, "आधी वर चल. आणि हेच वर सगळ्यांना सांग."

त्याने गाठ मारली. दोनदा ओढून पाहिली.

विहिरीच्या काठावर, चिखलाने माखलेल्या अंगाने, सगळ्या गावासमोर शांतवनने खरं सांगितलं. पंचांनी स्तेफनला मानाने परत आणलं. शांतवनचं प्रार्थना सांगण्याचं काम काढून घेतलं. मेलेल्या मजुराच्या आईने त्याच्या तोंडावर दार लावलं. तरी तो रोज पहाटे तिच्या अंगणात पाण्याची घागर ठेवून येई.

विहिरीची भीती काही गेली नाही. उतरण्याआधी तो काठावर थांबून देवाला तसं सांगे, थोडा वेळ गप्प बसे आणि खाली उतरे.

बोध: देवाच्या भीतीने जो देवापासूनच लपतो तो एकटा राहतो, पण जो त्याच्याशी खरं बोलतो त्याला देव आपलासा करतो आणि बदलूनही टाकतो.