एका हाताचे वाचन

एकदा एक शिष्या फार वर्षांनी आपल्या वृद्ध गुरुजींना भेटायला आली. पुस्तकांना कव्हरे घालायला ती लहानपणी त्यांच्याकडेच शिकली होती. आता तिची पन्नाशी उलटली होती. शेजारणीला घरी बसवून ती घटकाभरासाठी आली होती, आणि आल्या आल्या भिंतीला पाठ टेकून बसली.

तिने पिशवीतून दोन वस्तू काढल्या. एक जाडजूड कादंबरी आणि लेकीने पाठवलेले, पाटीसारखे पातळ ई-रीडर.

"गुरुजी, हे ठेवू की नको, तुम्हीच सांगा. नको असेल तर परवापर्यंत परत करायचंय. माझं मन पुस्तकाकडेच आहे हो. पण दोन वर्षांत एकही पुस्तक पुरं झालं नाही. वाचायची सवयच मोडली की काय, कोण जाणे."

"वाचतेस कधी?"

"दुपारी. सासूबाई अंथरुणावर आहेत. माझा हात धरल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. त्या झोपल्या की तासभर तिथेच बसून असते. तेवढाच काय तो माझा वेळ."

गुरुजींनी खांद्यावरचे उपरणे काढले आणि तिचा उजवा हात खिडकीच्या गजाला बांधला.

"अहो गुरुजी! मी काय वासरू आहे?"

"वासरू वाचत नाही. तू वाच."

तिने डाव्या हाताने कादंबरी मांडीवर उघडली. पान उलटायला बोट काढले की पुस्तक मिटे. गुडघ्याने दाबून धरले, तर अर्ध्या ओळी दिसेनात. शेवटी ते घसरून धप्पकन खाली पडले आणि तिचे डोळे भरून आले. घरी रोज हेच होत होते. आवाजाने सासूबाई दचकून जाग्या होत. म्हणून हल्ली ती पुस्तक उघडतच नव्हती.

गुरुजींनी कादंबरी उचलून फळीवर ठेवली आणि ई-रीडर तिच्या डाव्या हातात दिले. नुसता अंगठा टेकवला की पान बदलत होते. पाच-सहा पाने झाली, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आले की आपण वाचतो आहोत.

"पण याला कागदाचा वास नाही, गुरुजी. किती राहिलं ते हाताला कळत नाही."

"नाही कळत. तेवढं उणं आहेच. पण कोणतं चांगलं, हे ठरवण्याआधी आपला दिवस कसा जातो ते बघावं. तुझी सवय मोडली नव्हती, बाळ. तुझा हात गुंतला होता." मग उपरण्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "ही गाठ सैलच आहे. ओढला असतास तर हात सुटला असता. तू ओढला नाहीस. घरीही ओढत नाहीस."

तिने पाहिले. खरेच, गाठ नावालाच होती.

"आणि कादंबरी?"

"राहू दे माझ्याकडे. हात मोकळा झाला की ने."

ती हसून हात सोडवत उठली, ई-रीडर पिशवीत टाकले आणि उंबऱ्यात थबकली. हात मोकळा कधी होणार, हे तिला तिथे उमगले.

"काही घाई नाही, गुरुजी," ती हळूच म्हणाली, आणि झपाझप घराकडे निघाली. सासूबाईंच्या झोपेची वेळ झाली होती.