माझा न्याय कर

"म्हणजे तो मोकळाच सुटणार का, बाबा?"

ओबेदनं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा कुठं शांतवनबाबांनी सुई थांबवली. चर्चच्या सतरंजीची फाटकी कड ते शिवत बसले होते.

चाळीस वर्षं पाळकाचं काम करून बाबा आता खडकवस्तीच्या लहानशा चर्चमागे एका खोलीत राहत. ओबेद त्यांच्याच हाताखाली शिकलेला. आता तो तालुक्याच्या मोठ्या मंडळीचा पाळक होता. त्याचा उपदेश ऐकायला लोक दुरून येत, आणि ते येतात हे त्यालाही चांगलं ठाऊक होतं.

"कोण तो?"

"नाथान पाटोळे. आमच्या मंडळीचा चिटणीस. भरल्या सभेत म्हणाला, पाळक दुसऱ्यांचे उपदेश चोरतात. साफ खोटं आहे, बाबा! आणि सभा गप्प बसली. बारा वर्षं ज्यांची लग्नं लावली, ज्यांच्या मयतीला उभा राहिलो, ते सगळे माना खाली घालून बसले."

"मग?"

"तुम्ही वरिष्ठांना पत्र लिहा. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. नाथाननं सगळ्यांसमोर माफी मागितली पाहिजे."

"देवाला सांगितलंस?"

"रोज सांगतो. न्याय मागतो."

"माझ्यादेखत माग."

बाबा भिंतीला धरून सावकाश गुडघ्यांवर आले. ओबेद शेजारी टेकला. त्यानं डोळे मिटले. आवाज नेहमीसारखाच खणखणीत लागला.

"हे प्रभो, तू सगळं पाहतोस. माझा न्याय कर..."

"आमेन," बाबा म्हणाले आणि उठू लागले.

ओबेदनं चमकून डोळे उघडले. "अजून कुठं झालंय, बाबा? नाथानचं नावसुद्धा घेतलं नाही मी."

"तुझा न्याय मागितलास ना?"

"हो."

"त्यानं ऐकलं. तो करील."

ओबेदनं उठायला जमिनीवर हात टेकला. पण तो उठला नाही. बाबांनी पुन्हा सुई हातात घेतली. ओबेद तसाच गुडघ्यांवर होता.

तिथूनच तो म्हणाला, "राहेलबाई..."

बाबांनी मान वर केली नाही.

"आमच्याकडं गायनाला असायच्या. वीस वर्षं. गेल्या साली कुणीतरी मला सांगितलं, त्या नातवाला घेऊन देवऋषाकडं गेल्या होत्या. मी त्यांना विचारलं नाही. रविवारी उभा राहिलो आणि नाव घेऊन सांगितलं, यांनी प्रभुभोजनाची पवित्र भाकरी घेऊ नये. त्या उठल्या. चपला हातात घेऊन बाहेर गेल्या. काही बोलल्या नाहीत."

"गेल्या होत्या का देवऋषाकडं?"

"शेजारणीची पोर तापानं फणफणली होती. शेजारीण घाबरली, एकटीनं कशी जाऊ म्हणाली. राहेलबाई नुसत्या सोबतीला गेल्या. पोरीला तिथून उचलून दवाखान्यात त्यांनीच नेलं."

"तुला कधी कळलं?"

ओबेदचा आवाज आता जेमतेम ऐकू येत होता. "आठ महिने झाले."

"आठ महिने..."

"पाळकानं मंडळीपुढं बोललेला शब्द परत घेतला तर लोकांत मान काय राहील, असं वाटलं."

बाबांनी टाका घातला, दोरा दातानं तोडला. "शेवटची बस पाचला आहे," ते म्हणाले.

ओबेद त्याच बसनं गेला. पत्राचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

घरी न जाता तो सरळ राहेलबाईंच्या दारात उभा राहिला. त्या ज्वारी पाखडत होत्या. त्यानं हात जोडले, माझं चुकलं म्हणाला. राहेलबाईंनी सूप खाली ठेवलं.

"पाळकसाहेब, मला बाहेर काढलंत ते चारचौघांत. आणि माफी इथं, माझ्या ओट्यावर? कोंबड्यांना ऐकवायला?"

ओबेदनं जोडलेले हात खाली घेतले.

"नको मला ही," त्या म्हणाल्या आणि पुन्हा पाखडू लागल्या.

शनिवारी नाथान भेटायला आला. ओबेद रविवारी मंडळीपुढं चूक कबूल करणार, याचा त्याला कुठून तरी वास लागला होता. "वेडेपणा करू नका," तो म्हणाला. "मी बोललो ते मागं घेतो. तुम्ही हे उकरू नका. माझा आरोप, तुमची चूक, दोघांची लाज झाकलेली राहील."

ज्या माफीसाठी ओबेद तळमळत होता, ती अशी दारात चालून आली होती. क्षणभर त्याला मोह झाला.

"तुमचं तुम्ही बघा," तो म्हणाला. "माझं मी ठरवलंय."

रविवारी तो उपदेशाला उभा राहिला नाही. खाली सतरंज्यांमधल्या मोकळ्या वाटेत उभा राहिला आणि सगळं सांगितलं. शेजारणीच्या पोरीचं. स्वतःच्या आठ महिन्यांचं. शब्द जागोजागी अडखळले. नाथानचं नाव त्यानं काढलं नाही. मग तो उघड्या पायांनी चर्चबाहेर पडला. निम्मी मंडळी त्याच्या मागं चालत राहेलबाईंच्या ओट्यापर्यंत गेली. तिथं सगळ्यांसमोर त्यानं पुन्हा माफी मागितली.

राहेलबाई उठल्या. पदर सारखा केला. "चला," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी मंडळीनं त्यांचं गाणं वर्षानंतर ऐकलं.

सोमवारी नाथाननं वरिष्ठांना कळवलं, पाळकांनी स्वतःच्या तोंडानं गुन्हा कबूल केलाय. महिन्याभरात ओबेदच्या बदलीचा कागद आला. डोंगरातलं गाव, अकरा घरांची मंडळी, रस्ता अर्धाच. तिकडं जाण्याआधी वळकटी खांद्यावर घेऊन तो खडकवस्तीला आला.

शांतवनबाबा खोलीत बाजेवर पडले होते. गुडघे सुजलेले. ओबेदला दारात पाहताच त्यांनी काठी ओढली आणि धडपडत उभे राहिले.

"न्याय झाला, बाबा," ओबेद म्हणाला. "नाथान आहे तिथंच आहे. मी मात्र उद्या डोंगरात जातोय."

"मनात काही किल्मिष?"

ओबेदनं विचार केला. "नाही. रात्री झोप लागते आता. लोकांत मान तेवढा राहिला नाही."

बाबा काठीवर रेलून उभेच होते.

"बसा ना, बाबा. गुडघे दुखतात, उभे कशाला राहिलात?"

"घरी पाळक आलेत," बाबा म्हणाले. "आधी तुम्ही बसा."