तीन बोटांची शपथ

एका राज्यात, जिथले डोंगर पावसाळ्यात कूस बदलत आणि उन्हाळ्यात पुन्हा जागच्या जागी येऊन निजत, एक जुनी रीत होती. गादीवर बसणाऱ्याने भर दरबारात आपल्या उजव्या हाताची तीन बोटे जुळवून पुढच्या दातांमध्ये उभी धरायची, मग ती काढून मोकळ्या तोंडाने शपथ घ्यायची. ज्याचे तोंड तीन बोटे उघडत नाही, त्याच्या तोंडून न्याय बाहेर पडणार कसा, असे पूर्वजांचे म्हणणे. रीत साधी होती, आजवर कुणाला जड गेली नव्हती. ती जड गेली राजकन्या उत्पलेला.

उत्पलेचा पिता वारला तेव्हा ती लहान होती. तिच्या वतीने कारभार पाहायला तिचा चुलता कुंभकेतू बसला. कुंभकेतू जादूगार होता. फुंकर मारून तो पिकलेले आंबे हिरवे करी, आणि याचा उपयोग काय, असे विचारायची कुणाची छाती नव्हती. त्याने खजिन्याच्या तळघरातून हरभऱ्याएवढा एक मणी काढला, मौनमणी त्याचे नाव, आणि पुतणीच्या हातावर ठेवला. वारसाने फिर्याद ऐकताना हा दाढांमध्ये धरावा, मध्येच बोलू नये, मणी सुटला तर पूर्वजांचा अपमान होतो, असे त्याने सांगितले. पोरीला केवढा अभिमान वाटला! तो मणी शापित होता. ज्याच्या दाढेखाली बसे त्याचे शब्द गिळी, आणि गिळलेल्या शब्दागणिक जड होई. हे कुंभकेतूला ठाऊक होते, उत्पलेला नव्हते.

वर्षे गेली. एकदा उकळवाडीची भिवराई दरबारात आली. गावच्या उन्हाळ्याला, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्याला, कुंभकेतूने भिंत घातली होती आणि ते पाणी आपल्या एकट्याच्या स्नानाला वळवले होते. म्हाताऱ्यांचे गुडघे आणि बाळंतिणींच्या कंबरा त्याच पाण्यावर शेकत, असे म्हातारी सांगत होती. हे चूक आहे, असे उत्पलेच्या ओठांवर आले. तिने मणी आवळला. डाव्या कानापुढे कट् असा आवाज झाला, आणि कुंभकेतूने भिवराईला हाकलून दिले.

त्या दिवसापासून दुखणे लागले. कान ठणके, कानशील ठणके, जांभई आली तरी डोळ्यांत पाणी येई. राजवैद्यांनी कानात तेल घातले. कुंभकेतूने मंतरलेला चिमटा आणून एक दाढ उपटली. दाढ अगदी धडधाकट निघाली, आणि दुखणे जिथल्या तिथे राहिले. मग एका सकाळी भाकरीचा तुकडा मोडताना जबडा अडकला तो अडकलाच. दातांमध्ये एक बोटही जाईना. कुंभकेतूने लाकडी पाचर घालून तोंड उघडायचा घाट घातला, तेव्हा उत्पलेच्या किंकाळीने छतावरची कबुतरे उडाली.

“राहू दे,” कुंभकेतू म्हणाला. “येत्या दसऱ्याला तुझ्याऐवजी शपथ मी घेईन. तू मणी धरून शेजारी बस.”

उत्पलेने मिटल्या दातांतून एकच शब्द काढला. “नाही.”

ती रागाने बागेत आली. तिथे वडाच्या फांदीवर धनेश पक्ष्याची एक म्हातारी मादी बसली होती, आणि तिची चोच तिच्या देहाला न शोभेल एवढी मोठी होती. तिने राजकन्येला कानापुढे बोट ठेवून तोंड हलवायला सांगितले. तिथे एक सांधा आहे, दाराच्या बिजागरीसारखा, आणि त्यात एक मऊ गादी आहे. दिवसभर दाढा आवळून ती गादी जागची सरकली आहे. कान बरा आहे, उपटलेली दाढही चांगलीच होती. हे ऐकून उत्पलेला आपल्या दाढेसाठी रडू आले, आणि मग त्याहून मोठा राग आला.

“तुला हे कसे ठाऊक?” तिने विचारले.

“अंडी घालायच्या वेळी मी ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते,” धनेश म्हणाली. “बंद होणे मला कळते. पण मी स्वतः बंद होते आणि भिंत स्वतःच फोडते. बाहेरून फोडू पाहणाऱ्याला मी चोच मारते.”

मग तिने तीन कामे सांगितली. दात सोडव. पाणी सोडव. शेवटी तोंड सोडव, पण दुसऱ्याच्या हाताने नाही.

पहिले काम सोपे वाटले आणि तेच छळू लागले. दुसऱ्या दिवशी उत्पलेने भर दरबारात मणी काढून तबकात ठेवला. मानकऱ्यांच्या माना खाली गेल्या. ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचे टोक वरच्या दातांमागे टेकलेले, असे बसायचे होते. पण देवळाची घंटा वाजली की तिला कळे, दाढा पुन्हा एकमेकींवर चढल्या आहेत. ती सोडवी, त्या चढत. मणीही हट्टी, रोज पहाटे तिच्या दाढांमध्ये परत येऊन बसे, आणि ती रोज उठून त्याला तबकात आपटी. मेजवानीत कुंभकेतूने तिच्यापुढे अख्खी सुपारी आणि कडक लाडू ठेवले, ते मोडले नाहीत तर राजघराण्याची शोभा जाते म्हणाला. तिने ताट सरकवून मऊ भात मागवला आणि सगळ्यांदेखत शेवटच्या शितापर्यंत जेवली. हळूहळू घंटा वाजली की दात सुटेच सापडू लागले.

दुसऱ्या कामासाठी ती उकळवाडीला गेली आणि भिवराईच्या दारात उभी राहिली. म्हातारीने तिला पाणीसुद्धा विचारले नाही. “तेव्हा बसलीस गप,” एवढेच म्हणाली आणि पहार हातात दिली. भिंत मंतरलेली होती. एक दगड काढावा तर दोन येऊन बसत. उत्पलेने जोर लावला, अजून लावला, आणि मग तिच्या ध्यानात आले की जोर लावताना आपण दाढा आवळतो आहोत. त्या आवळल्या की भिंत वाढते. तिने जबडा सैल सोडला, श्वास सोडला, आणि पहार पुन्हा घातली. या वेळी काढलेला दगड परत आला नाही. गाव धावून आले. पाणी वाफाळत वाडीत शिरले, आणि भिवराईने आपल्या लुगड्याचा मऊ पदर त्यात भिजवून, पिळून, राजकन्येच्या दोन्ही कानशिलांवर धरला. उत्पला तिथे ढसाढसा रडली.

तिसरे काम सगळ्यांत संथ. शेक घ्यायचा, पाण्यात आपले प्रतिबिंब पाहायचे, जीभ टाळूला लावून तोंड सावकाश आणि सरळ उघडायचे, दुखेल तिथे थांबायचे. जबडा डावीकडे पळू पाही, ती त्याला परत मध्यावर आणी. एक बोट गेले. बऱ्याच दिवसांनी दुसरे गेले. तिसरे जायच्या आत दसरा आला.

दरबार भरला. भिवराई मागच्या रांगेत उभी होती, धनेश झुंबरावर. कुंभकेतू आपला जाडजूड पंजा पुढे करून म्हणाला, “तोंड उघड. माप मी घेतो.”

“माझ्या तोंडात यापुढे तुमचा हात जायचा नाही, काकामहाराज,” उत्पला म्हणाली. “रीत माझ्या बोटांची आहे.”

तिने दोन बोटे धरली. तिसरे अडले. मणी तबकातून टुणकन उडून तिच्या ओठांशी आला. तिने तो मुठीत पकडला, आणि शपथेच्या आधीच, दोन बोटे उघडलेल्या तोंडाने, जुना अडकलेला शब्द बाहेर काढला. “भिवराईची फिर्याद खरी होती. मला तेव्हाच माहीत होते. झऱ्याला भिंत घालणे चूक होते, आणि घालणारा गादीवर बसणार नाही.”

कट्! सगळ्या दरबाराने ऐकले. मुठीतल्या मण्याची दोन शकले झाली. उत्पलेने तीन बोटे जुळवली. घट्ट, दुखत, पण गेली. मग तिने शपथ घेतली. कुंभकेतूने शाप द्यायला दात आवळले, तर त्याचाच जबडा अडकला.

नव्या राणीने पहिला हुकूम दिला तो असा की, काकामहाराजांना उकळवाडीला न्यावे, शेक द्यावा, पेज पाजावी, आणि कुणीही त्यांच्या तोंडात पाचर घालू नये. धनेश त्यांना शिकवायला गेली. ती काही फार मायाळू शिक्षिका नव्हती. जबडा सुटेपर्यंत कुंभकेतूची जादू निघून गेली होती, आणि राज्यातले आंबे पुन्हा वेळेवर पिकू लागले.

राणीचा जबडा सुटला, दुखणे गेले. आवाज तेवढा कधीमधी होई. तिने त्याचे काही वाटून घेतले नाही. उलट दरबारात कुणी बडा मानकरी गोड बोलून गरिबाचे काही लाटू लागला आणि सिंहासनावरून कट् असे ऐकू आले, की मागच्या रांगेतली माणसे सावरून उभी राहत. राणी आता नाही म्हणणार, हे त्यांना कळलेले असे.