निवेखिंडीची राई

चपला काढू नका. इथं देव नाही. मूर्ती नाही, दिवा लागत नाही, नवस तर कुणी चुकूनही बोलत नाही. शहरातून येणारी माणसं ही गर्द राई बघतात आणि म्हणतात, वा, गावानं काय भक्तीनं राखलीय! भक्तीनं नव्हे, पाव्हणं. भीतीनं राखलीय. पडलेली काटकीसुद्धा इथून कुणी घरी नेत नाही. का, ते ऐकायचं असेल तर या दगडावर टेका. पण झाडांकडं पाठ करून बसू नका.

फार मागली गोष्ट. निवेखिंडीत तेव्हा वीसेक उंबरे होते, असं सांगतात. त्यातला मालजी नावाचा शेतकरी घाटाखालून बायको करून घेऊन आला. लेकीची पाठवणी करताना तिच्या आईनं जावयाला बाजूला घेतलं. म्हणाली, "माझी लेक अंग बदलते. तिच्या आजीचंही तसंच होतं. कधी रानात गेली आणि परतायला उशीर झाला, तर आम्ही ठेवलेल्या नावानं हाक मारा. दुसऱ्या नावाला ती येणार नाही." मालजीला वाटलं, म्हातारी दुःखानं काहीबाही बोलतेय. त्यानं मान हलवली. इकडं आल्यावर रीतीप्रमाणे सुनेचं नाव बदललं. भागीरथी ठेवलं.

पहिल्याच भाताच्या हंगामात रानडुकरं उतरली. पोटरीला आलेलं पीक रातोरात भुईसपाट व्हायचं. एके दिवशी दिवेलागणीला भागीरथी उठली, बांधावर जाऊन लुगडं सोडून ठेवलं, आणि मालजीच्या देखत वाघीण होऊन शेतात शिरली. डुकरं पळाली. उजाडायच्या आत ती चुलीपुढं बसलेली होती.

मालजीनं तिला विचारलं, "दुखतं का गं?"

"जाताना नाही," ती म्हणाली. "जाताना अंग नुसतं सैल सोडायचं. येताना दुखतं. एकेक हाड बोलावून आणावं लागतं. तेव्हा मी मनात माझं नाव घोकते. त्या नावाला धरून परत येते."

"आणि तिकडं असताना आम्ही ओळखू येतो?"

"तोंडं ओळखू येत नाहीत. वास येतो. गावात सगळ्यांना भीतीचा वास आहे. तुम्हाला तेवढा नाही. म्हणून घर सापडतं."

ही गोष्ट गावात फुटायला वेळ लागला नाही. काही वर्षं गावानं तिनं राखलेलं पीक खाल्लं. पीक शेतात असेतो बाया तिला हळदीकुंकू लावायच्या. कणगी भरली की त्याच बाया पाणवठ्यावर तिची घागर लांब सरकवायच्या. पोरांना तिच्या सावलीत उभं राहू देत नसत. तिनं कुणाला भाकर दिली तर ती गुरांपुढं जायची, आणि गुरंही तोंड लावत नसत. ती सगळं बघायची.

मग सुभाना पाटलाचं वासरू नाहीसं झालं. ते कड्यावरून पडलं होतं, पुढं हाडं सापडली म्हणे, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं. पाटील चार गडी घेऊन मालजीच्या अंगणात आला. म्हणाला, "वाघीण राहा, नाहीतर बाई राहा. दोन्ही या गावात चालायचं नाही."

भागीरथी म्हणाली, "पाटील, मी दोघी नाही. एकच आहे."

पाटलानं ऐकलं नाही. लोखंडानं अंग बांधलं जातं, असा लोकांचा समज. घिसाड्याकडून जाड कडं घडवून आणलं आणि तिच्या पायात ठोकून बसवलं. धरायला चौघं लागले. मालजी ओट्यावर उभा होता. तो मधे पडला नाही.

त्यापुढचं वर्ष तिनं कसं काढलं, ते आमच्या जुन्या बाया सांगायच्या. अंग बदलायला उठायचं आणि पायातल्या कड्यापाशी अडायचं. केस कातडीच्या आतल्या आत वाढल्यासारखी खाज सुटायची. नखं उलटी, बोटांत रुतायची. भाकरी तोंडात फिरायची, आणि शेजारी कोंबडं कापलं की तोंडाला पाणी सुटायचं, त्याची तिला लाज वाटायची. पूर्वी ती जायची आणि यायची. आता ना जाता येई, ना धड इथं राहता येई. आणि परत यायचंच नसल्यामुळं नाव घोकणंही सुटलं. एकदा निवडणं टिपणं करताना तिनं नवऱ्याला विचारलं, "माझं माहेरचं नाव सांगा बघू."

मालजी म्हणाला, "आता ते कशाला?"

त्याला ते आठवत नव्हतं.

पुढच्या हंगामात डुकरांनी निम्मं शिवार उकरलं. तेव्हा पाटील सकाळीच आला, सोबत घिसाडी. "कडं काढतो. जा, रान राख."

ती म्हणाली, "जाते. पण परतीची वाट आता मला ठाऊक नाही. कुणाला माझं नाव येत असेल तर हाक मारा."

कडं तुटलं. सगळ्यांच्या समोर, भर उन्हात, ती वाघीण झाली आणि शिवारात घुसली. दुपारपर्यंत एक डुक्कर उरलं नाही. मग ती या राईच्या कडेला येऊन बसली. अख्खा गाव समोर. मालजी पुढं झाला.

"भागीरथी!"

वाघिणीनं नुसतं बघितलं.

"भागीरथी, चल घरी!"

ती हलली नाही. मग तो सुचतील ती नावं घेऊ लागला. शेवंता, तुळसा, चिमा, यमुना. प्रत्येक नावाला तिचे कान उभे व्हायचे आणि पुन्हा पडायचे. घाटाखाली माणूस धाडावा, तर तिच्या माहेरची वाडी पटकीच्या साथीत ओस पडलेली. नाव सांगणारं कुणी जिवंत नव्हतं. शेवटी ती उठली आणि मालजीच्या दिशेनं चालत आली. अगदी जवळ. त्याचा हात हुंगायला मान पुढं केली.

मालजी एक पाऊल मागं सरला.

असं सांगतात, तेव्हा तिला त्याच्याही अंगाचा तो वास आला. तेवढ्यात पाटलानं भाला फेकला. तो तिच्या खांद्यात बसला. ती वळली आणि झाडांत गेली. दुसऱ्या दिवशी राई तोडायची म्हणून पाटील कुऱ्हाडीचे गडी घेऊन आत शिरला. गडी बाहेर आले. पाटील आला नाही. त्यानंतर जो जो लोखंड घेऊन आत गेला, त्याचं तेच झालं. मालजी मरेपर्यंत इथं कडेला येऊन नावं घेत बसायचा. आतून कधी ओ आली नाही.

तिनं गावाला माफ केलं, असं आमच्यात कुणी म्हणत नाही. आजही निवेखिंडीत सुनेचं नाव बदलत नाहीत. वरात वेशीत आली की सासू पुढं होते आणि सुनेला तिच्या आईबापानं ठेवलेलं नाव विचारते. मग नवरा ते नाव गावासमोर मोठ्यानं घेतो. अडखळला, तर वरात तिथंच थांबते. त्याला ते नीट येईतो पोरीनं उंबरा ओलांडायचा नाही.