पापडांच्या डब्यातली पुरचुंडी

हे कुणाला सांगू नकोस, असं डब्याने मला बजावलं होतं; तरी सांगते. फार वर्षांपूर्वी पापडांच्या डब्यात भाजलेल्या तांदळाची एक पुरचुंडी राहायची.

"आजीबाई, नुसत्या बसून फुगता! जागा अडते आमची," पापड कुरकुरले.

"डब्यातली ओल पिते रे, म्हणून फुगते."

पापडांना पटेना. डबा उघडताच त्यांनी तिला बाहेर ढकललं. चार दिवसांत ते चिंधीसारखे मऊ पडले. "आता आपल्याला फेकणार!" ते रडू लागले.

पण घरच्या कमळाकाकूंनी पापडांना ऊन दाखवलं, पुरचुंडीतले तांदूळ तव्यावर पुन्हा भाजले आणि सगळ्यांना डब्यात ठेवलं.

"आजीबाई, चटके बसले?" पापडांनी सरकून जागा दिली.

"त्याशिवाय पुन्हा तहान कशी लागेल?" ती हसली. "फक्त झाकण कधी उघडं—"

आले गं आई! पापडांचा डबा? अगं, त्याचं झाकण मीच मघाशी—