निंबानं सावरलेला दहावीचा निकाल

एका गावात एक भोळा शिपाई होता म्हटलं की लोक विचारतात, भोळा म्हणजे किती भोळा? तर ऐका. एकदा हेडबाई त्याला म्हणाल्या, "निंबा, दाराकडे लक्ष ठेव, मी आलेच." निंबा दाराकडे बघत बसला. तेवढ्यात खिडकीतून माकड शिरलं आणि खडूंचा डबा घेऊन गेलं. बाई परत येऊन ओरडल्या, तर म्हणतो कसा, "बघितलं ना मी त्याला. पण ते दारातून आलंच नाही!"

तर असा हा कासारखेड्याच्या शाळेतला निंबा. शाळेच्या हेडबाई म्हणजे बोरसे बाई. मोठ्या जिद्दीची बाई, पण दहावीचा निकाल काही तिचं ऐकेना. एका साली ऐंशी टक्के लागला, पुढच्या साली पासष्ट, मग पन्नास, मग चाळीस. बाईंच्या खोलीत निकालाचा तक्ता टांगलेला होता. त्यावरची लाल रेघ अशी उतरत गेलेली, की कुणी पाहुणा आला की बाई त्याला तक्त्याकडे पाठ करून बसवायच्या.

यंदा वरून निरोप आला. सराव परीक्षेच्या दिवशी शिक्षण खात्याचे साहेब येणार आणि समोर बसून पेपर तपासून घेणार. निकाल पुन्हा घसरला तर गावातला दहावीचा वर्ग लगेच बंद, मुलांनी तालुक्याला जायचं. पोरगे जातील हो, पोरींचं काय? पोरीला रोज एसटीनं तालुक्याला धाडील असा एक बाप कासारखेड्यात नव्हता. म्हणजे पोरींची शाळा संपलीच म्हणायची. आणि निंबाची लेक वनिता नेमकी दहावीत होती!

निंबा धावतच बाईंच्या खोलीत गेला. तो बाईंना म्हणाला, "बाई, तुम्ही सांगाल ते करतो. पण निकाल पडू द्यायचा नाही."

बाईंना भरून आलं. पुढचं त्यांना ठाऊक नव्हतं ना, म्हणून.

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याला लहान वर्गांच्या खिचडीसाठी वांगी आणायला धाडलं. निंबानं टोपलीभर वांगी आणली. निम्मी किडकी.

"अरे, बघून नाही का आणायची?"

"बघितली की बाई. किडे चांगले ठळक दिसत होते."

बाईंनी कपाळावर हात मारला. "किडकं दिसलं की बाजूला काढायचं, निंबा. मग उरतं ते सगळं चांगलंच असतं. लक्षात ठेव."

"ठेवतो बाई."

आणि तो ठेवायचा हो. सगळा घोळ तिथंच व्हायचा.

साहेब येणार म्हणून बाईंनी त्याला तक्त्याला नवा रंग द्यायला सांगितलं. संध्याकाळी बघतात तर तक्ता पांढराफेक. वर कोपऱ्यात तेवढा ऐंशीचा एक लाल ठिपका.

"निंबा! बाकीची वर्षं कुठं गेली?"

"किडकी होती बाई. बाजूला काढली."

गणिताचे सोनवणे सर तक्त्याकडे बघून म्हणाले, "राहू द्या हो बाई असंच. बरं दिसतंय."

बाई दोघांवरही भडकल्या. "काही राहू द्यायचं नाही! आणि निंबा, तू कान उघडे ठेवून ऐक. शाळेत जे जसं आहे, ते तसंच असू द्यायचं. तू हात लावायचा नाही. लक्षात ठेव!"

"ठेवतो बाई."

परीक्षेच्या आदल्या दिवशी बाई परीक्षेचा वर्ग बघायला गेल्या. पहिल्या बाकावर शेळी उभी. भिंतीवरचा भारताचा नकाशा खात होती. गुजरात संपला होता आणि आता खानदेशाला तोंड लागलं होतं. शेजारी निंबा हात मागे बांधून उभा.

"अरे निंबा, शेळी!"

"हो ना बाई. मघापासून आहे. जशी आहे तशीच असू दिली. हात लावला नाही."

बाई रडायच्याच बाकी होत्या. "अरे बाबा, वर्गात जे नको, ते फाटकातूनच परत धाडायचं! बाहेर पारावर नेऊन बसव हवं तर, पण आत नाही. मग ते कुणी का असेना!"

"कुणीही?"

"कुणीही! लक्षात ठेव!"

मग बाई सोनवणे सरांबरोबर चहाला बसल्या. दमल्या होत्या बिचाऱ्या. म्हणाल्या, "आपली सगळीच पोरं काही कच्ची नाहीत हो सर. ती जी नापास होतात ना, तीच निकाल खाली ओढतात."

निंबा कपबशा विसळत होता. त्याचा हात थांबला. अरेच्चा! किडकं बाजूला काढायचं. नको ते फाटकातूनच परत. एवढं सोपं होतं, आणि बाई इतकी वर्षं उगाच जिवाला घोर लावून बसल्या!

परीक्षेच्या दिवशी सकाळीच निंबा फाटकात जाऊन उभा राहिला. बाई आत वर्गात बाकांवर नंबर टाकत होत्या.

पहिली आली त्याचीच वनिता.

"वने, पास होशील ना?"

"कसली पास होते बाबा! काहीच झालं नाहीये माझं."

महिनाभर पुस्तकातून मान वर न काढलेली पोरगी ती! निंबाचा जीव तुटला. पण पोरीचा वर्ग वाचवायचा म्हटल्यावर करतो काय? "जा बेटा, पारावर जाऊन बस."

मग आली हेमलता, वर्गात कायम पहिली येणारी. "निंबाकाका, आज मी नापासच होते बघा."

"पारावर."

गोकुळ म्हणाला, "मी तर पुस्तकच उघडलं नाही."

"पारावर."

परीक्षेच्या सकाळी "माझा अभ्यास झालाय" असं म्हणणारं पोर अख्ख्या महाराष्ट्रात अजून जन्माला यायचंय, हे त्या निंबाला कोण सांगणार? शेवटचं पोर परत धाडून त्यानं फाटकाला कडी घातली, घंटा वाजवली आणि हसत हसत वर्गात गेला.

वर्ग रिकामा. बाई एकट्याच पेपरांचा गठ्ठा घेऊन उभ्या.

"निंबा, पोरं कुठायत?"

"बाई, पेढे मागवा! यंदा एकही नापास नाही."

"अरे पण परीक्षेला बसलंय कोण?"

"कुणीच नाही. सगळी नापास होणारीच निघाली. मी फाटकातच ओळखली आणि पारावर बसवली. आमच्या वनीलासुद्धा सोडलं नाही."

बाईंनी बाक घट्ट धरला. "मेल्या, साहेब येतील आता! त्यांना काय दाखवू मी?"

"साहेब? ते मघाशीच आले की."

"आले? मग आहेत कुठं?"

"पारावर."

बाई धावत खिडकीशी गेल्या. मागून निंबा म्हणाला, "तुम्हीच म्हणालात ना बाई, कुणी का असेना. मी त्यांनाही विचारलं. ते हसून म्हणाले, आज गणिताचा पेपर ना? मग मी बसलो तर नक्की नापास! म्हटलं, बरं झालं खरं बोललात, व्हा तिकडे."

"अरे देवा! आणि ते गेले?"

"आधी तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघतच राहिले. मोठा माणूस, वाईट वाटणारच. मग मीच हाताला धरून नेलं, पोरांच्या रांगेत बसवलं. पाठीवरून हात फिरवून म्हटलं, साहेब, असं मनाला लावून घेऊ नका. तुम्ही ऑक्टोबरला बसा."